झाडांच्या नावाने राखलेली जमीन

जुन्नर गावाच्या दक्षिणेस मानमोडी नावाचा डोंगर आहे. शाळांच्या सहली शिवनेरी आणि लेण्याद्री पाहून परत फिरतात. मानमोडीकडे फारसे कोणी वळत नाही. या डोंगरातील बौद्ध लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत बरेच दानलेख कोरलेले आहेत. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली त्यांची वाचने प्रसिद्ध केली. त्यांतला एक छोटासा लेख आम्हाला, म्हणजे झाडे आणि नदीनाले यांच्या अभ्यासात दिवस घालवणाऱ्यांना, विशेष जवळचा वाटतो.

आदुथुम नावाच्या एका शक उपासकाने कोणाचिक येथील श्रेणीकडे दोन गावच्या जमिनी लावून दिल्या, असे हा लेख सांगतो. वडालिका गावातील २० निवर्तने करंजाची झाडे लावण्यासाठी, आणि कटपुतक गावातील ९ निवर्तने वडाची झाडे लावण्यासाठी. निवर्तन हे जमिनीचे जुने माप. याच डोंगरात नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने पाण्याचे टाके व मंडप दिल्याचा लेख आहे. त्यावर ४६ वे वर्ष नोंदलेले आहे. हे वर्ष शककालगणनेचे धरले तर इसवी सन १२४ येते. आदुथुमाचा लेखही साधारण याच काळाच्या आसपासचा.

या व्यवहाराची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. देणारा एक, सांभाळणारा दुसरा, आणि लाभ होणार झाडांना व त्यांच्या सावलीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांना. माणूस मरतो, त्याची मुले जमीन विकू शकतात. श्रेणी मात्र पिढ्यानपिढ्या टिकते, असा विचार त्यामागे असणार. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांचा संघ. जुन्नरच्या लेखांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी सात खोल्यांचे लेणे दान करताना दिसते, तर बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवलेल्या दिसतात. आजच्या भाषेत बोलायचे तर त्या श्रेणी विश्वस्त होत्या. आणि करंजच का? करंजाच्या बियांचे तेल दिव्याला चालते, झाड बारमाही सावली देते आणि गुरे त्याचा पाला सहसा खात नाहीत. लावणाऱ्याला झाडांची पारख होती एवढे नक्की.

अशा व्यवस्थेला आज भूमिन्यास म्हणतात. निसर्गरक्षणासाठी स्थानिक लोकांनी एक संस्था काढायची, तिने जमीन विकत किंवा देणगी म्हणून घ्यायची, आणि ती कधीही विकायची नाही, अशी ही कल्पना. या प्रकारची पहिली संस्था म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात चार्ल्स एलियट या उद्यानरचनाकाराच्या पुढाकाराने १८९१ साली निघालेल्या संस्थेचे नाव घेतले जाते. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, इंग्लंडात नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला. पुस्तकांत हा इतिहास इथूनच सुरू होतो. मानमोडीचा लेख वाचल्यावर ही सुरुवात आपण थोडी मागे न्यावी की काय, असा प्रश्न पडतो.

माशासाठी जंगल

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर असे बरेच न्यास केवळ सॅमन माशासाठी नदीकाठच्या जमिनी राखतात. (आपल्या बाजारात रावसाला इंग्रजीत इंडियन सॅमन म्हणतात, पण त्या दोघांचे नाते नाही.) माशासाठी पाणी राखायचे सोडून जमीन कशाला, असे विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर सॅमनच्या जीवनक्रमात आहे. तो नदीच्या उगमाकडच्या झऱ्यांत जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा प्रवाहाविरुद्ध वर येतो. मादी नदीतळाच्या गोट्यांत शेपटीने खळगा करून अंडी घालते. अंड्यांना गोट्यांच्या फटींतून वाहणारे थंड पाणी लागते, कारण थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. काठावरची झाडे तोडली की पाण्यावर ऊन पडते आणि ते तापते. उघड्या उतारावरची माती वाहून येते, गोट्यांच्या फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. तेव्हा मासा वाचवायचा तर नदीकाठचे जंगल वाचवावे लागते.

आपल्याकडे सॅमन नाही, पण चढणीचे मासे आहेत. मृगाच्या पहिल्या पुरात ओढ्यांतून, अगदी भातखाचरांतूनसुद्धा, वर चढणारे मासे मावळातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेले असतात. त्यांत सर्वांत मोठा मान महाशीर माशाचा. तो समुद्रात जात नाही, पण पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी नदीत वर चढतो, आणि त्यालाही खळाळते, भरपूर प्राणवायूचे पाणी आणि गोटे असलेला तळ लागतो.

दख्खनच्या महाशीराला शास्त्रीय नाव दिले ते कर्नल विल्यम साइक्स यांनी. मुंबई सरकारने १८२४ साली त्यांना माहिती व आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. दख्खनच्या माशांवरील त्यांचे काम १८३९ ते १८४१ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी अनेक माशांना इथलीच नावे लॅटिन वेषात दिली: खुद्री, कोळस, मळ्या. आज महाशीराच्या या जातीला टॉर खुद्री म्हणतात ते त्यामुळेच. याच साइक्स यांनी १८३१ साली सह्याद्रीतल्या शेकरूचे वर्णन केले आणि गव्हर्नर एल्फिन्स्टनचे नाव त्याला दिले. पुढे १८३५ साली त्यांनी दख्खनच्या जमीनधारणेवर निबंध लिहिला. थळ, मिरास, वतन यांचा त्यात बारीक ऊहापोह आहे. शेकरू, महाशीर आणि जमिनीचा मालक कोण हे तीन विषय एकाच माणसाच्या टेबलावर होते. पुढे प्राणिशास्त्र एका खात्यात गेले, महसूल दुसऱ्या खात्यात, आणि आपण अजून ते एकत्र शिकवत नाही.

आहुप्याची राई

जुन्नरहून आता आंबेगाव तालुक्यात जाऊ. घोडेगावहून पश्चिमेला निघालो की दिंभे धरणाच्या जलाशयाकडेने वळणे घेत रस्ता सह्याद्रीच्या माथ्यावर आहुपे गावी जातो. पुढे कोकणचा कडा. खाली मुरबाडकडे उतरणारी जुनी घाटवाट. घोड नदीचा उगम याच परिसरात होतो. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. गावाजवळ भैरवनाथाची देवराई आहे.

आम्ही तेथे प्रथम गेलो ते वैशाखात. बाहेर सडे तापलेले, गवत वाळून पिवळे पडलेले. राईत पाऊल टाकले आणि क्षणभर काहीच दिसेना, इतका आत अंधार. अंजनी, जांभूळ, आंबा, पिसा यांची छत्री एकमेकींत गुंतलेली, गारंबीचा अजस्र वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेला, आणि पायाखाली कुजलेल्या पानांचा थर. त्या थरात बोटे खुपसली तर माती ओलसर लागली. हा सारा फरक दोन-चार ढांगांच्या अंतरातला. पाऊस दोन्हीकडे सारखाच, खडक एकच. मग फरक पडला तो कशाने? इथे कोणी पिढ्यानपिढ्या कुऱ्हाड चालवली नाही, एवढ्यानेच.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. झाडे पाणी तयार करतात असे सरसकट शिकवले जाते, ते बरोबर नाही. झाड मुळांनी पाणी शोषून पानांवाटे हवेत सोडते, म्हणजे ते पाणी वापरतेही. जंगल राखल्याने प्रत्येक ठिकाणी झरा वाढेलच असे नाही. राईची खरी कमाई म्हणजे तिची न तुडवलेली माती. गांडुळे, वाळवी आणि कुजलेली मुळे यांनी पोखरलेल्या मातीत पावसाचे पाणी जिरते, आणि सावकाश, गाळ न आणता, ओढ्यात उतरते. ओढ्याच्या तळाशी दगडाला चिकटून शेवाळ खाणाऱ्या मळ्यासारख्या माशांना हेच हवे असते. मळ्याच्या तोंडाखाली एक चकती असते. तिच्या आधाराने तो वेगाच्या प्रवाहात दगड धरून राहतो. दगडावर गाळ बसला की त्याचे खाणेही गेले आणि पकडही.

देवराईचे नियम लिहिलेले नसतात, पण गावात सगळ्यांना ठाऊक असतात. ओले लाकूड तोडायचे नाही. पडलेले लाकूड घरी न्यायचे नाही. ते देवाच्या किंवा सगळ्या गावाच्या कामाला. अगदीच अडचण आली तर देवाला कौल लावायचा आणि कौल मिळाला तरच हात लावायचा. लोक देवाच्या धाकाने जंगल राखतात, असे याचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. आमच्या मते ते अपुरे आहे. धाक सगळीकडे सारखाच होता, तरी काही राया गेल्या आणि काही राहिल्या. जिथे राखणाऱ्यालाच राईचा उपयोग होता आणि नियम मोडणाऱ्याला अडवायचा अधिकारही त्याच्याच हाती होता, तिथे त्या राहिल्या. मावळ तालुक्यातील आजिवली येथे वाघजाईची राई आहे. तीत भेरली माडाची झाडे आहेत, त्यांची माडी काढली जाते आणि उत्पन्न देवीच्या कामी लागते. तिथे देव आणि हिशेब दोन्ही आहेत.

कायद्याच्या दृष्टीने देवाची मालमत्ता ही एक मौजेची गोष्ट आहे. प्रतिष्ठापना झालेली मूर्ती ही आपल्याकडे कायद्याने व्यक्ती मानली जाते. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ सालच्या एका खटल्यात हे तत्त्व स्पष्टपणे मांडले. ही व्यक्ती मालमत्ता धारण करू शकते, पण ती अज्ञान बालकासारखी मानली जाते, म्हणून तिला पालक लागतो. बहुतेक राईतला देव म्हणजे मात्र शेंदूर लावलेला तांदळा. त्याची प्रतिष्ठापना कधी झाली, याचा कागद नसतो आणि राईची नोंदही बहुधा त्याच्या नावाने नसते. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या हद्दी ठरल्या आणि कित्येक राया त्यांत आल्या. भारतातील वनखात्याचे पहिले प्रमुख डिट्रिच ब्रँडिस यांना देवरायांचे महत्त्व कळले होते. १८९७ सालच्या त्यांच्या पुस्तकात त्यांचा उल्लेख आहे. पण कागदावर त्या सरकारी जंगलाचा भाग झाल्या. राखणारे राहिले गावात आणि अधिकार गेला कचेरीत.

याचा परिणाम काय होतो ते १९७० नंतरच्या दशकात दिसले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी तेव्हा सह्याद्रीतल्या देवरायांची पाहणी हाती घेतली. त्यांचे लेख १९७३ पासून प्रसिद्ध झाले. पाहणी चालू असताना श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी त्यांच्याशी संपर्क साधला. गावची राई तोडली जाणार होती आणि ती गेली तर ओढा आटेल अशी गावकऱ्यांना काळजी होती. शास्त्रज्ञांनी शब्द टाकला आणि तोड थांबली. आम्हाला यातली लक्षणीय बाब ही वाटते की गावकऱ्यांनी देवाचा कोप सांगितला नाही, ओढा सांगितला.

अभयारण्य, धरण आणि मासे

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र आंबेगाव, खेड आणि घाटाखालच्या तालुक्यांत पसरलेले आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू ही त्याची ओळख. शेकरूला उंच, सलग छत्रीचे जंगल लागते; जमिनीवर उतरणे तो टाळतो. अभयारण्यामुळे मोठी तोड थांबली हे मान्य केले पाहिजे. पण इथल्या लोकांचे वर्षाचे रोख उत्पन्न बरेचसे बाळहिरड्यावर चालते. हिरड्याची कोवळी फळे वेचून, वाळवून ती विकतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००० मध्ये अभयारण्यांतून गवत, वाळलेली झाडे वगैरे काहीही नेण्यास मनाई करणारा आदेश दिला, तेव्हा त्याची झळ अशा वेचणीलाही बसली. ज्यांनी राई राखली त्यांनाच जंगलात परके करून शेकरू फार दिवस सुरक्षित राहील, असे आम्हाला वाटत नाही.

खालच्या खोऱ्यात दुसरा बदल झाला. कुकडी प्रकल्पात कुकडी, मीना, आर आणि घोड या नद्यांवर धरणे झाली. घोडवरच्या दिंभे धरणात तर ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ आंबेगावच बुडाले. विस्थापितांच्या हाती भाताच्या खाचरांऐवजी पाणी आले. शाश्वत या संस्थेच्या मदतीने येथील आदिवासींनी मच्छीमार सहकारी संस्था उभी केली आणि जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळवला. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने २०१२ साली शाश्वतला इक्वेटर पुरस्कार दिला. जमीन बुडाली तरी पाण्यावर गावाचा सामाईक हक्क असू शकतो, ही मोठी गोष्ट आहे.

पण निसर्गाच्या हिशेबात एक रकमेची वजाबाकी राहते. धरणाच्या जलाशयांत सोडतात ते कटला, रोहू हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते चांगले वाढतात. चढणीच्या माशांची वाट मात्र भिंतीने तुटते. मग मासे हौदात उबवून सोडले तर? लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीराची कृत्रिम पैदास केली आणि पिल्ले अनेक राज्यांत पाठवली. तंत्र म्हणून हे काम उत्तम होते. खुद्री महाशीर त्यामुळे तगला. पण ही पिल्ले कावेरीतही गेली, आणि तेथे नारिंगी परांचा, पाठीला कुबड असलेला वेगळा महाशीर होता. तो मागे हटत गेला. तो टॉर रेमादेवी या जातीचा आहे हे २०१८ साली स्पष्ट झाले आणि त्याच सुमारास तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. पाहुणा आणि मूळचा रहिवासी दोघेही महाशीर, म्हणून फार काळ कोणाच्या लक्षात आले नाही. मासा हौदात तयार करता येतो, उगमाकडचा ओढा तयार करता येत नाही.

त्या उगमाच्या ओढ्यांना आता दोन नव्या कायद्यांचा आधार घेता येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने, गावाने परंपरेने राखलेले सामूहिक वन सांभाळण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला, आणि तो अभयारण्यातही लागू आहे. दुसरा, २००२ चा जैवविविधता कायदा. याचा वापर माशासाठी कसा होतो याचे उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीला आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचे मंदिर आहे. तेथील पाण्यात राहणारा एक लहानसा रंगीत मासा शास्त्राला नवा असल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले आणि त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी असे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी सरकारने तेथील २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. लांबीरुंदीने एखाद्या मध्यम शेताएवढी जागा. देवाच्या जागेत तो मासा तग धरून होता. नाव मिळायला मात्र २०२० साल उजाडावे लागले.

आदुथुमाच्या जमिनीवरचे करंज आज कोणी दाखवू शकत नाही. श्रेणी गेली, झाडे गेली, दगडावरचा लेख राहिला. आहुप्याला उलटे आहे: लेख नाही, राई आहे. देवरायांचे आजचे संकट मात्र अनेक ठिकाणी कुऱ्हाडीचे नसून जीर्णोद्धाराचे आहे. तांदळ्याच्या जागी संगमरवरी मूर्ती येते, तिच्यासाठी सिमेंटचा सभामंडप, मंडपापुढे फरसबंदी, आणि या साऱ्याचा खर्च भागवायला राईतलीच जुनी झाडे. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. राखणारे लोकच वर्गणी काढत असतात.

ज्या शिक्षकांची शाळा डोंगराच्या बाजूला आहे त्यांना दोन गोष्टी सहज करता येतील. तलाठ्याकडे जाऊन आपल्या गावच्या राईचा सातबारा मुलांसह पाहावा: वनखाते, सरकार, गुरव, देव, की आणखी कोणाचे नाव. आणि एक साधी तापमापी घेऊन एप्रिल-मे महिन्यांत, दुपारी एकाच वेळी, राईतल्या ओढ्याचे आणि उघड्यावरच्या ओढ्याचे तापमान महिनाभर लिहून ठेवावे. पहिल्या पुरात चढणीचे मासे कुठवर येतात हे मुलांना आधीच ठाऊक असते. त्यांच्याकडून ते गावाच्या नकाशावर खुणा करून घ्यावे, आणि आजोबांच्या वेळी ते कुठवर येत असत त्या खुणा वेगळ्या रंगाने.